अडतीस मोजे

१२ जानेवारी, सोमवार

साइटच्या वहीत फक्त आकडे जातात, म्हणून ही दुसरी वही. दुपारी डबा खाल्ल्यावर अर्धा तास पत्र्याच्या केबिनकडे कोणी फिरकत नाही. तेवढ्या वेळात लिहीन. रोज जमेलच असं नाही.

काम पाण्याच्या टाकीचं. गोल, पोलादी, मोठी. जागा मात्र अशी की उभं राहिलं तर बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. तिला आधार म्हणून जमिनीत खडीचे खांब भरायचे आहेत. मशीनचा दांडा थरथरत पाच मीटर खाली जातो, भोक पडतं, त्यात खडी ठासायची. पण इथली माती इतकी लिबलिबीत आहे की ती खडीला धरूनच ठेवत नाही, खडी चहूकडे पसरते. म्हणून भोकात आधी जाळीचा लांब मोजा सोडायचा आणि खडी त्या मोज्यात भरायची. मोज्यानं आवळून धरलं की खांब ताठ राहतो. असे दोनशे बारा खांब, आणि त्यांच्यावर टाकी.

मोजे शिवायचं काम मी वहिनींना मिळवून दिलं. दादा गेल्यावर त्याचं तंबू-ताडपत्री शिवायचं दुकान वर्षभरात बंद पडेल असं मी घरी बोलून बसलो होतो. वहिनींनी सहा वर्षं चालवलं. चार बायका कामाला आहेत. बाजारात जाड कापडाची शिवण म्हटली की आधी त्यांचंच नाव निघतं. तरी एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळतंय, आणि ते दिरामुळे मिळतंय, याचं मला बरं वाटतं. का वाटू नये?

२१ जानेवारी, बुधवार

जाळीच्या नव्या गुंडाळ्या आल्या, पण रुंदीला निम्म्या. आधीच्या गुंडाळीची रुंदी बरोबर खांबाच्या उंचीइतकी होती. आडवा तुकडा कापायचा, गोल करायचा, एक उभी शिवण मारायची, की मोजा तयार. आता तसं करायचं तर दोन तुकडे एकावर एक जोडावे लागणार. दुप्पट शिवण, दुप्पट वेळ.

मीच तोड काढली. गुंडाळीतून पाच मीटर लांब तुकडा कापायचा आणि रुंदीचा घेर करायचा. घेराला रुंदी बरोबर पुरते. जोड नाही, तुकडा वाया नाही. साहेब म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर, ते दुसऱ्या साइटवर आहेत. फोनवर म्हणालो, अडचण सोडवली. ते म्हणाले, "तू आहेस म्हणून मला झोप लागते." अंगावर मूठभर मांस चढलं.

दुकानात जाऊन वहिनींना कसं कापायचं ते दाखवलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, आधी उभा ओढला, मग आडवा. मग चष्मेवालीला बोलावलं. ही त्यांची जड मशीनवरची बाई, आमचे सगळे मोजे तीच शिवते. दोघींनी दोन टोकं धरून ओढलं.

"भावोजी, उभी ओढली तर जाळी हलत नाही. आडवी ओढली तर येतेय."

"येणारच थोडी."

"थोडी नाही. आणि आडवीच तर खडी ढकलणार ना तिला? आमच्या तंबूच्या कापडालाही उभं-आडवं असतं. चुकीचं लावलं तर वाऱ्यात फाटतं."

मी म्हणालो, "वहिनी, तंबू वर असतो, हे जमिनीखाली आहे. शिवायचं तुम्ही बघा, इंजिनिअरिंग आम्ही बघतो." चष्मेवाली खाली बघून हसली. वहिनी हसल्या नाहीत. तुकडा घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

२३ जानेवारी, शुक्रवार

नवे मोजे एक दिवस आधीच आले. शिवण देखणी, एक टाका इकडे नाही की तिकडे नाही. पूर्वेच्या बाजूला हेच वापरायचे, एकूण अडतीस.

मशीनवाले मामा म्हणाले, "या मोज्यांना भूक जास्त आहे. त्याच मापाच्या खांबाला खडी जास्त लागतेय." मी म्हणालो, खाऊ दे की! जास्त खडी म्हणजे जास्त दमदार खांब. वहीत आकडे लिहिले आणि खाली लाल रेघ मारली, साहेबांना दाखवायला.

४ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचा खांब झाला. वहिनींनी उरलेली जाळी परत पाठवली. नीट गुंडाळून, दोरी बांधून, आणि वरच्या घडीवर खडूनं लांबच्या लांब बाण काढलेला. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. जरा रागावल्यात असं दिसतं. त्यांना वाटलं असेल की पुढचं कामही मिळेल. घरी तसं म्हणालो तर बायकोनं विचारलं, "बाण कशाला काढला?" म्हटलं, शिंप्यांची काहीतरी खूण असेल.

६ एप्रिल, सोमवार

दोन महिने काही लिहिलं नाही. टाकी उभी राहिली, बोल्ट आवळून झाले. आजपासून पाणी भरायचं. एकदम नाही, पाव भरायची, थांबायचं, काठावरच्या आठ खुणांवर लेव्हल घ्यायची, म्हणजे टाकी किती खाली बसली ते दुर्बिणीतून मोजायचं, मग पुढे. जमीन थोडी बसणारच, ती सगळीकडून सारखी बसली की झालं.

८ एप्रिल, बुधवार

पाव टाकीला बाकी बाजूंना पाच-सहा मिलिमीटर. पूर्वेला अकरा. साहेब म्हणाले, बघू, निम्मी भरा.

९ एप्रिल, गुरुवार

निम्म्या टाकीला पश्चिमेला बारा. पूर्वेला एक्केचाळीस.

लेव्हल मी स्वतः तीनदा लावून पाहिली. पाणी थांबवलं. केबिनमध्ये येऊन नकाशावर बोट ठेवलं तर खचलेला भाग आणि ते अडतीस खांब, एकावर एक. ड्रॉवरमध्ये गुंडाळ्यांबरोबर आलेला कागद सापडला. मी तो कधी उघडलाच नव्हता. त्यात पहिल्याच चित्रात बाण काढून दाखवलंय की जाळीची ताकद गुंडाळीच्या लांबीकडे, रुंदीकडे जवळजवळ नाहीच. घेर करायचा तो लांबीचा. मी केला रुंदीचा.

म्हणजे मोजा घातला, पण तो ढगळ. मामा म्हणत होते ती भूक ती हीच. खडी आत जात होती आणि मोजा फुगत होता, आणि मी लाल रेघ मारत होतो.

तरी खात्री कशी द्यायची? दुसरंही कारण असू शकेल.

१० एप्रिल, शुक्रवार

साहेब आले. टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग केबिनमध्ये बसले. माझी वही मागितली. खडीच्या आकड्यांवर बोट फिरवत म्हणाले, "इथून पुढे खडी जास्त गेली. मोजे फुटलेत. शिवण उसवली असणार. हे कोणी शिवले?"

मी सांगितलं.

"तुझी वहिनी? मग शेवटी शेवटी घाईत शिवले का?"

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. म्हणालो, "एक दिवस आधी दिले होते."

हे वाक्य खरं आहे. आज दिवसभर मी स्वतःला तेच सांगतोय की वाक्य खरं आहे. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

१४ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी वहिनींना साइटवर बोलावलं. त्या चष्मेवालीला घेऊन आल्या. चपला चिखलात रुतत होत्या तरी पदर खोचून टाकीपर्यंत चालत आल्या. साहेब त्यांच्याशी सभ्यपणेच बोलले. म्हणाले, शिवणीनं दगा दिला, टाकी एका बाजूला बसली, पुढचं काम आम्हाला तुमच्याकडे देता येणार नाही, आणि तसं आम्हाला इतरांनाही कळवावं लागेल.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फाटलेला मोजा दाखवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "तो जमिनीत आहे, वहिनी. कसा दाखवणार?"

"मग शिवण उसवली हे पाहिलं कोणी?"

मी लेव्हलच्या वहीची पानं उलटत राहिलो. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. कुणी पत्ता विचारून उत्तराची वाट बघत उभं राहावं, तशा बघत होत्या. त्यांना अजून कळलेलं नाही असं मला वाटलं, आणि त्याचं मला बरं वाटलं. चष्मेवाली मात्र रडायला लागली. वहिनींनी तिच्या दंडाला धरलं आणि दोघी आल्या तशा परत गेल्या.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. साहेब समोर होते, वहिनी समोर होत्या. मी मूग गिळून बसलो.

१७ एप्रिल, शुक्रवार

बातमीला पाय फुटले. ट्रकच्या ताडपत्र्या शिवून घेणारा मोठा व्यापारी वहिनींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यानं नवं कापड द्यायचं थांबवलं, दिलेलं परत मागितलं. बायकोला हे बाजारात कळलं.

"अहो, तुम्ही वहिनींकडे का जात नाही हल्ली?"

"कामं आहेत."

"टाकी बंद आहे ना?"

बायकांना बोलायला काहीतरी लागतंच. मी डबा घेऊन निघालो. येताना दुकानावरून आलो, समोरच्या बाजूनं. तीन मशीन चालू होत्या. जड मशीनवर चादर टाकलेली होती आणि चष्मेवाली कोपऱ्यात खाली बसून हातानं काहीतरी उसवत होती. जड काम नसेल, म्हणून बसवलं असेल तिला. आत गेलो नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज साइट बंद. मामांना बोलावून घेतलं. खांबांची सगळ्यात बाहेरची रांग टाकीच्या काठाबाहेर येते, तिथला एक खांब वरून दीड-दोन मीटर उघडा करायचा म्हणालो. मामांनी का म्हणून विचारलं नाही. यंत्रानं वरचं काढलं, मग फावड्यानं जपून जपून.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. खणताना माझ्या मनात एकच होतं, शिवण उसवलेली निघू दे. वहिनींच्या दुकानाचा एक तरी टाका सुटलेला निघू दे. सख्ख्या भावाच्या बायकोचं वाईट निघावं म्हणून मी खड्ड्यात वाकून बघत होतो.

चिखल पुसला. शिवण वरपासून खालपर्यंत सरळ, जशी दुकानातून आली तशी. एक टाका हललेला नव्हता. जाळी फुगली होती ती शिवण सोडून बाकीच्या घेरात, भोकं ताणून ताणून बशीएवढी झालेली, दोन ठिकाणी फाटून खडी बाहेर. मामा हात पुसत म्हणाले, "शिवण तर सरळ उभी आहे, भाऊ." आणि बिडी ओढायला लांब जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी खड्डा बुजवायला सांगितला. का सांगितला? उद्या सांगायचंच होतं तर उघडा ठेवायचा. मामांनी बुजवला, पण वर चार खुंट्या ठोकून दोरी बांधली. मी काढ म्हणालो नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

काल साहेबांना सांगणार होतो. ते घाईत होते. आज सांगणार होतो. आज ते घाईत नव्हते, उलट दोनदा चहाला बसवलं. टाकीची आतली शिडी, रंग, सगळ्यावर बोललो.

दादा असता तर त्याला काय सांगितलं असतं? पण दादा असता तर मी त्याला "शिवायचं तुम्ही बघा" असं म्हणालोच नसतो. त्यानं आडवं ओढून दाखवलं असतं तर मी ऐकलं असतं. हे आत्ता लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं, आणि पेन खाली ठेवावंसं वाटतंय.

२२ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

गुंडाळीबरोबरचा कागद साहेबांसमोर ठेवला आणि म्हणालो, मी उलटी कापायला लावली, वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि रविवारी खणून पाहिलं तर शिवण शाबूत आहे. एका दमात. दोरी बांधलेली जागा दाखवली. मामांनी पुन्हा खणून दिलं.

साहेबांनी खड्ड्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "चूक मी समजू शकतो. पण बाईंना इथे चिखलात उभं करून मी बोललो, तेव्हा तू शेजारी होतास."

टाकी वाचेल. पाणी काढायचं, पूर्वेची बाजू जॅकनं उचलायची, तळ पुन्हा भरायचा, काठाबाहेरून नव्या खांबांची रांग घालायची, या वेळी मोजे नीट. मला या कामावरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. खालच्या जागेवर ठेवलंय, नोंदी घ्यायला. ठीक आहे.

वहिनींना साहेब पत्र देणार आहेत. मन हलकं झालं. संपलं एकदाचं.

२५ एप्रिल, शनिवार

पत्र घेऊन वहिनींच्या घरी गेलो. दुकानात चार माणसांत नको, म्हणून घरी. पत्र चांगलं आहे: "पुन्हा तपासणी केली असता शिवणीत कोणताही दोष आढळला नाही, तरी पूर्वीचा निर्णय मागे घेत आहोत." वहिनींनी उभ्या उभ्याच वाचलं.

मी म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती. उलटी कापली मी."

"मला माहीत आहे, भावोजी."

"कधीपासून?"

"तुम्ही तुकडा हातात दिलात तेव्हापासून. मी थांबले होते. म्हटलं, आपला माणूस आहे, आज सांगेल. चिखलात उभी होते तेव्हाही वाटलं, आता सांगेल."

खाली बसायला खुर्ची होती पण त्यांनी बसा म्हटलं नाही, म्हणून मी उभाच. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हे पत्र मी काय करू? भिंतीला लावू? यात कोणाची चूक ते लिहिलेलं नाही. नाव गेलं ते चारचौघांत गेलं, आणि तुम्ही सांगताय घरात, दार लावून."

"मग काय करू?"

"सोमवारी दहा वाजता ताडपत्रीवाले कापड न्यायला येणार आहेत. तेव्हा दुकानात या. सगळ्यांसमोर बोला."

मी म्हणालो, बघतो. वहिनी म्हणाल्या, "बघू नका. या."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. नुसतं म्हणाली, "सोमवारचा शर्ट इस्त्री करून ठेवते."

२७ एप्रिल, सोमवार

गेलो. रस्ता ओलांडताना एकदा मागे वळलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हाक मारली म्हणून लाजेनं पुन्हा पुढे गेलो.

व्यापारी दारात उभा होता, त्याची माणसं कापडाचे गठ्ठे बाहेर काढत होती. चारही बायका आत होत्या. तीन मशीन धडधडत होत्या. मी बोलायला सुरुवात केली. वहिनी कापड मोजत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मोठ्यानं बोला. मशीन चालू आहेत."

मशीन बंद करायला त्या सांगतील असं वाटलं होतं. नाही सांगितलं. मग मी ओरडून बोललो. भर दुकानात, रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघतायत, आणि मी पन्नाशीचा माणूस ओरडतोय की जाळी उलटी मी कापायला लावली, वहिनींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्यांच्यावर खापर फुटताना मी शेजारी गप्प उभा होतो. एवढं बोलेपर्यंत एक एक मशीन थांबत गेली. शेवटचे शब्द शांततेत गेले आणि मला उगाचच फार मोठे ऐकू आले.

व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "असं आहे होय," आणि आपल्या माणसांना हातानं थांबायची खूण केली.

मला वाटलं झालं. वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे चष्मेवाली उभी राहिली होती, मांडीवरचं कापड खाली पडलेलं.

"म्हणजे माझा टाका नव्हता सुटला?" तिनं विचारलं.

ही बाई माझ्या डोक्यातच नव्हती. इतके दिवस मी माझी लाज मोजत होतो, वहिनींचं नाव मोजत होतो. ही त्या दिवशी रडली ते मी या वहीत लिहिलंही आणि विसरूनही गेलो. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवसापासून जड मशीनला हात लावत नाही. केलेलं सगळं हातानं उसवून बघते, कुठे सुटलंय का."

मी तिला म्हणालो, "नाही. तुमचा एकही टाका सुटला नव्हता."

"तुम्ही बघितलात?"

"बघितला. खणून. वरपासून खालपर्यंत सरळ होती शिवण."

"कधी बघितलात?"

खोटं बोलता आलं असतं. "कालचा नाही, त्याच्या आधीच्या रविवारी," मी म्हणालो.

तिनं बोटांवर मोजलं. आठ दिवस. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग जड मशीनवरची चादर काढून घडी घातली, स्टुलावर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोनदा दोरा चुकला. मी तिथेच उभा होतो. तिसऱ्यांदा ओवला गेला.